घाटात आधी चढ मोजणारा इंजिनिअर: जेम्स बर्कली आणि बोरघाटाची रेल्वे

कोलशेत रोडवरून कापूरबावडीला यायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी चाळीस. पुढे घोडबंदर रोडला लागलात की गायमुखच्या घाटाचं काय होईल, हे कुठलंही मॅप अ‍ॅप छातीठोकपणे सांगू शकत नाही. घाट फार मोठा नाही, पण चढावर एक कंटेनर बंद पडला की मागची रांग वाढत वाढत थेट वस्तीत येते. बसमधले साठ जण आणि कारमधला एकटा माणूस, दोघंही सारखेच अडकतात.

अशा वेळी बसमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, बसला वेगळी लेन द्या ना, प्रश्न मिटेल. मलाही तसंच वाटायचं. म्हणून एका रविवारी मी सहज एक्सेल शीट उघडली. बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन असलेली जलद सेवा. दर मिनिटाला एक बस, एका बसमध्ये साठ माणसं, म्हणजे तासाला 3600 माणसं एका दिशेला. आकडा छान दिसला. मग लक्षात आलं, की हा आकडा सपाट रस्त्याचा आहे. घाटात लेन कुठून काढायची, चढावर बसचा वेग किती राहील, बंद पडलेली बस बाजूला कुठे घ्यायची, यातलं काहीच माझ्या शीटमध्ये नव्हतं.

हेच प्रश्न एका माणसाने आपल्याच भागात, 170 वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिल आणि दुर्बिणीवर सोडवले होते. रेल्वेच्या इतिहासाची आवड असलेल्यांना त्यांचं नाव नवीन नाही: जेम्स जॉन बर्कली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे जीआयपीचे, मुख्य इंजिनिअर. मुंबई-ठाणे ही पहिली लाईन त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि बोरघाटातून रेल्वे वर नेण्याचा आराखडाही त्यांचाच. आज त्यांची गोष्ट बघूया. घाटातून सार्वजनिक वाहतूक नेताना नेमकं काय मोजायचं, हे तिच्यातून नीट समजतं.

लंडन ते मुंबई

बर्कली यांचा जन्म 1819 चा, लंडनच्या हॉलोवे भागातला. शिक्षण किंग्ज कॉलेजमध्ये झालं. तेव्हा इंजिनिअर व्हायचं तर आजच्यासारखी कॅम्पस प्लेसमेंट नव्हती. एखाद्या मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागायची. 1839 पासून बर्कली रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे काम करू लागले. वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज स्टीफन्सन हे रॉबर्ट यांचे वडील. म्हणजे त्या काळच्या रेल्वे तंत्रज्ञानाचं सगळ्यात मोठं घराणं. इंग्लंडमध्ये दहा वर्षं लाईनी टाकण्याचा अनुभव घेतल्यावर जीआयपीला मुंबईसाठी मुख्य इंजिनिअर हवा होता, तेव्हा बर्कलींची निवड झाली. 1850 च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले. वय तीस.

इथे जमीन आधीच तयार होती. रेल्वे यावी म्हणून मुंबईतली मंडळी काही वर्षं झटत होती. त्यात जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, आघाडीवर. नाना मूळचे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. हे मुरबाड लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. 34 किलोमीटरचं अंतर, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे. ही तारीख शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केली आहे. पण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर मुंबई-ठाणे हा सोपा भाग होता. खाजणाची जमीन, भराव, मोऱ्या, एवढंच. ठाण्याच्या पुढे गोष्टी बदलतात. खाडीवर पूल हवा आणि मुंब्र्याजवळ पारसिकचा डोंगर आडवा येतो. तिथे लहान बोगदे खणून 1854 मध्ये लाईन कल्याणला पोचली. (2022 पर्यंत फास्ट लोकल ज्या लांबलचक बोगद्यातून जायच्या तो पारसिक बोगदा नंतरचा, 1916 चा.)

कल्याणला रेल्वेच्या दोन वाटा होतात: एक नाशिककडे, एक पुण्याकडे. आणि दोन्ही वाटांवर सह्याद्रीची भिंत.

आधी वाट, मग रूळ

मुंबईची रेल्वे घाटावर नेण्याच्या सुरुवातीच्या प्रस्तावात माळशेज घाटाचं नाव होतं. नकाशावर ते पटण्यासारखंही आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे सरळ गेलं की माळशेज, आणि वर जुन्नर, नगरचा मुलूख. एका घाटात काम भागलं असतं.

पण नकाशावरची सरळ रेघ आणि जमिनीवरचा चढ या दोन वेगळ्या गोष्टी. बर्कली आणि त्यांच्या माणसांनी सह्याद्रीच्या कड्यांची मोजणी केली. ड्रोन नाही, जीपीएस नाही, सॅटेलाईट फोटो नाहीत. कड्यावर दोर लावून उतरायचं, साखळीने अंतर मोजायचं, लेव्हलने उंची घ्यायची, पावसाळ्यात काम बंद ठेवायचं. शेवटी माळशेज मागे पडला आणि दोन घाट निवडले गेले: नाशिककडे थळघाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो, आणि पुण्याकडे बोरघाट.

हा निर्णय कागदावर एका ओळीत मावतो. पण त्याचा परिणाम अजून चालू आहे. कसारा, इगतपुरी, कर्जत, लोणावळा ही नावं रेल्वेमुळे घरोघरी पोचली. आणि रेल्वे आणण्यासाठी झटलेल्या नानांच्या मुरबाडला अजून रेल्वे नाही; तिथली माणसं आजही रस्त्याने कल्याणला येऊन लोकल पकडतात. बर्कलींचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा होता असं मुळीच नाही. पण एकदा मार्ग ठरला की त्याच्या आसपास गावं, बाजार, जमिनीचे भाव असं सगळं उभं राहतं. मग तो मार्ग सॉफ्टवेअरसारखा पुढच्या व्हर्जनमध्ये बदलता येत नाही.

37 ला 1 म्हणजे काय?

घाटातल्या रेल्वेचा मुख्य शत्रू म्हणजे चढ. चढ मोजण्याची रेल्वेची पद्धत सोपी आहे. 37 ला 1 म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची वाढते. रस्त्यावर चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. रेल्वेसाठी मात्र तो प्रचंड आहे.

कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं आणि घर्षण फारच कमी असतं. सपाटीवर हाच रेल्वेचा फायदा: थोड्या ताकदीत खूप वजन ओढता येतं. चढावर हाच तोटा होतो: चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. शिवाय 100 टनांची गाडी 37 ला 1 चढावर नुसती थोपवून धरायलासुद्धा सुमारे 2.7 टनांचा जोर लागतो. सपाटीवर हा आकडा जवळपास शून्य. म्हणजे खाली जे इंजिन लांबलचक गाडी सहज ओढत होतं, ते घाटात तिच्या एका तुकड्यालाच पुरतं.

बर्कलींच्या आराखड्यात बोरघाटाची चढण साधारण 25 किलोमीटर लांब होती आणि तेवढ्यात 1831 फूट, म्हणजे 558 मीटर उंची चढायची होती. भागाकार करून बघा: सरासरी चढ येतो 46 ला 1, आणि सगळ्यात कठीण जागी 37 ला 1. त्यासाठी 25 बोगदे आणि दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चढ कमी करायचा तर लांबी वाढवावी लागते. पायी जाणारा माणूस कडा सरळ चढतो, घाटरस्ता वळणं घेत चढतो, रेल्वे त्याहून लांबचा वळसा घेते. पण सह्याद्रीच्या सोंडेवर वळसा घ्यायला जागाच नव्हती. यावर उपाय होता रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी एका दिशेने चढत येते, डोंगराच्या टोकावरच्या छोट्या स्टेशनात थांबते, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढते. इंग्रजी झेड अक्षरासारखी. वेळ जातो, पण वळणाची जागा वाचते. खंडाळ्याजवळचं हे स्टेशन 1920 च्या दशकाच्या शेवटापर्यंत वापरात होतं. मग नवे बोगदे खणून लाईन सरळ केली.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: संपूर्ण सिस्टिमचा वेग तिच्यातला सगळ्यात हळू भाग ठरवतो. मुंबई ते पुणे लाईन कितीही चांगली असली तरी तिची क्षमता बोरघाटातले ते 25 किलोमीटरच ठरवतात. आजही कर्जतला गाडी थांबते आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. विजेची, कितीतरी ताकदवान इंजिनं आली, पण डोंगर तोच आहे.

मधली पाच वर्षं

बर्कलींनी काम टप्प्याटप्प्याने उघडलं. 1856 मध्ये लाईन खोपोलीपर्यंत पोचली, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. 1858 मध्ये वरचा खंडाळा ते पुणे भागही सुरू झाला. मधला घाट तेवढा बाकी.

मग 1858 ते 1863 प्रवासी काय करायचे? खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखी, डोली, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. घाटातून गाडीरस्ता 1830 पासून होताच. आज आपण ज्याला लास्ट माईल म्हणतो, तो प्रश्न इथे प्रवासाच्या बरोबर मध्यावर होता. तरीही अर्धी लाईन वापरात आल्यामुळे लोकांना फायदा मिळाला आणि कंपनीला उत्पन्न. अख्खं काम संपेपर्यंत सगळं बंद ठेवलं नाही, हा त्यातला शहाणपणा.

घाट कुणी खणला?

इथपर्यंतची गोष्ट आकड्यांची होती. पण आराखडा स्वतः डोंगर फोडत नाही.

बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. कंत्राट विल्यम फेव्हिएल यांचं. कोकणातून, देशावरून, लांबलांबून माणसं मुकादमांच्या टोळ्यांबरोबर आली. अनेक जण बायका-मुलांसकट. पहारी, घमेली आणि सुरुंगाची दारू, एवढीच साधनं. कड्यावर उभं राहायला जागा नसेल तिथे माणसाला दोराला बांधून खाली सोडायचं आणि त्याने लटकत भोकं पाडायची. राहायला झोपड्या, प्यायला मिळेल ते पाणी. पटकी आणि ताप यांनी माणसं हजारोंनी गेली.

जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगार भडकले आणि युरोपीय मुकादमांशी त्यांची मोठी हाणामारी झाली. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी कंत्राट सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आले आणि काही दिवसांतच आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवलं, अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम पूर्ण करून घेतलं. 1861 च्या सुरुवातीला घाटात एका वेळी 42 हजारांच्या आसपास माणसं राबत होती. आजच्या भाषेत, एका लहान शहराएवढी वस्ती डोंगराच्या अंगावर.

त्या 42 हजारांची नावं आपल्याकडे नाहीत. बर्कली, फेव्हिएल, ट्रेडवेल ही नावं कागदावर राहिली. मजुरांच्या बाजूने उरलं ते लोककथेतलं नाव: शिंगरोबा. घाटाची वाट एका धनगराने दाखवली, बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, अशी ती कथा. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा वेगळा विषय. पण जुन्या हायवेवर शिंगरोबाचं देऊळ आहे आणि ट्रक ड्रायव्हर आजही तिथे नमस्कार करून घाट चढतात. डोंगराची वाट स्थानिक माणसालाच आधी माहीत असते आणि श्रेय दुसऱ्याला जातं, हे लोकांनी आपल्या पद्धतीने नोंदवून ठेवलं आहे.

बर्कलींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सगळी कामं इंग्रज कंत्राटदारांनाच द्यायची, असा त्यांचा हट्ट नव्हता. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने जीआयपीची बरीच कामं घेतली आणि ती उत्तम केली.

न पाहिलेली गाडी

ऊन, पाऊस, घाटातली धावपळ यांनी बर्कलींची तब्येत खालावली. 1860 मध्ये भारतातल्या रेल्वेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत सादर झाला. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला परतले, ते परत आलेच नाहीत. ऑगस्ट 1862 मध्ये लंडनजवळ सिडनहॅमला त्यांचं निधन झालं. वय 42.

बोरघाटातून पहिली गाडी गेली ती एप्रिल 1863 मध्ये. थळघाट 1865 मध्ये सुरू झाला. दोन्ही घाट ज्यांनी आखले, त्यांनी एकातूनही गाडी चढताना बघितली नाही.

आणि सगळं काही निर्दोषही नव्हतं. 1867 च्या पावसाळ्यात बोरघाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. बांधकाम कच्चं निघालं. तो नव्याने बांधावा लागला. आराखडा चांगला असून भागत नाही, प्रत्येक दगड कसा बसतोय हेही बघावं लागतं, हा धडा मागाहून मिळाला.

मग घाटातल्या बसचं काय?

आता माझ्या एक्सेल शीटकडे परत येऊ. बस ही रेल्वे नाही. रबरी टायरची पकड लोखंडी चाकापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे डोंगराळ भागात 20 ला 1 चा रस्ता बसला सहज जमतो. पण चढ फुकट मिळत नाही. 16 टनांची भरलेली बस 20 ला 1 चढावर ताशी 30 किलोमीटरने न्यायची तर फक्त उंची चढायलाच सुमारे 65 किलोवॅट ताकद खर्च होते. बसला हे झेपतं. तिच्या पुढे रांगणाऱ्या जादा भरलेल्या ट्रकला झेपत नाही, आणि एकाच लेनमध्ये असतील तर बसचा वेग तो ट्रक ठरवतो.

म्हणून बर्कलींची पद्धत घेऊन विचार केला तर क्रम असा लागतो.

पहिलं, सगळ्यात वाईट जागा आधी मोजा. सपाट रस्त्यावर लेन आखणं सोपं. खरा प्रश्न घाटातल्या अरुंद पट्ट्याचा. तिथे बसला स्वतंत्र वाट नसेल तर बाकीच्या लेनचा फायदा तिथेच संपतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचंच बघा: खंडाळ्याच्या घाटात जुना हायवे आणि एक्सप्रेसवे काही अंतर एकच रस्ता वापरत आले आणि कोंडी नेमकी तिथेच व्हायची. त्यासाठीच वेगळे बोगदे आणि पूल असलेल्या मिसिंग लिंकचं काम हाती घेतलं गेलं.

दुसरं, वाट खरंच स्वतंत्र हवी. रुळावर कार घुसत नाही, हा रेल्वेचा मोठा फायदा. बसच्या लेनमध्ये सगळेच घुसतात. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, तेव्हा नेमका हाच त्रास झाला. नुसता पिवळा पट्टा मारून लेन होत नाही.

तिसरं, बिघाड होणारच हे धरून चाला. चढावर बंद पडलेली बस बाजूला घ्यायला जागा, उतारावर ब्रेक गेला तर गाडी थांबवण्याची सोय. रेल्वेने घाटात यासाठी कॅच सायडिंग ठेवली: ताबा सुटलेली गाडी चढाच्या दिशेने वळवून थांबवणारा रूळ.

चौथं, टप्प्याने उघडा, पण मधला बदल सोपा ठेवा. खोपोलीच्या प्रवाशांनी पाच वर्षं डोलीने घाट चढला, कारण वर-खाली दोन्हीकडे रेल्वे होती. आपल्याकडे मेट्रोच्या स्टेशनखाली बस नसेल तर लोक रिक्षाच पकडणार.

आणि पाचवं, मार्ग कुणाला वगळतोय ते निर्णयाआधी विचारा. कारण 170 वर्षांनी ते विचारून उपयोग नसतो. मुरबाडकरांना विचारा.

पुढच्या वेळी पुण्याला ट्रेनने गेलात तर एक प्रयोग करा. कर्जत सुटताना फोनमधल्या एखाद्या अल्टिमीटर अ‍ॅपवर उंची लिहून घ्या, लोणावळ्याला परत बघा. उंचीतल्या फरकाने अंतराला भागा. बोगद्यांमध्ये जीपीएस जाईल, घाबरू नका, बाहेर आल्यावर परत मिळेल. जो आकडा येईल तो मिळवण्यासाठी कुणीतरी कड्यावर दोर लावून उतरलं होतं.